आम्ही उघडे, तुम्ही झाकलेल्या

वहिनी, तुम्हाला खालच्या खोलीत आणून ठेवलं आणि पहिला वाद झाला तो तुमच्या चेहऱ्यावरून.

आपल्याकडच्या रीतीप्रमाणे तुम्हाला हिरवं लुगडं नेसवलं होतं, मळवट भरला होता आणि तोंड उघडं ठेवलं होतं. दुर्गाघाटच्या गल्लीतली माणसं येत होती, पायाला हात लावून बाजूला होत होती. तेवढ्यात गाजीपूरहून तुमचे भाऊ आले. दारातच थबकले. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या खुर्चीकडे. तिथे दूधविनायक मोहल्ल्यातले बापू बसले होते. माझ्या वडिलांचे, नानांचे धाकटे भाऊ, म्हणजे तुमचे चुलतसासरे.

"चाचाजी सामने बैठे हैं और इसका मुँह खुला है?" तुमचे भाऊ म्हणाले. "ढाँकिए."

मुक्ता उठून उभी राहिली. "मामा, अब भी?"

"अब ही तो. ज़िंदगी भर जो निभाया, वो आज तोड़ दोगी?"

"माझी आई आहे. मला तिचं तोंड बघायचंय," मुक्ता मराठीत म्हणाली. ती चिडली की मराठीत बोलते, हे तुम्हाला माहीत आहे.

अण्णा खाली मान घालून बसला होता. तुमचा नवरा, या प्रश्नावर बोलण्याचा हक्क त्याचाच. पण त्याने मान वर केली नाही. मी काहीतरी बोलावं अशा नजरेने दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी काही बोलायच्या आत बापू खुर्चीला धरून उठले.

"तिचं तोंड झाकू नका," ते म्हणाले, "आणि तिची रीतही मोडू नका. ही खुर्ची फिरव."

मी खुर्ची फिरवली. बापू भिंतीकडे तोंड करून बसले. तुम्हाला उचलेपर्यंत तसेच बसून होते. बाहेर 'राम नाम सत्य है' सुरू झालं तेव्हाही त्यांनी मान वळवली नाही. तुम्ही या घरात आल्यापासून बापूंनी तुमचा चेहरा पाहिला नव्हता. बघायची ती शेवटची वेळ होती आणि त्यांनी ती जाऊ दिली.

हे तुम्हाला कळायला हवं असं वाटलं म्हणून लिहायला बसलो. तुम्हाला बरं वाटलं असतं. मला बरं वाटलं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. मला रडूही आलेलं नाही. मुक्ता म्हणते, काका, तुमचं मागाहून निघेल. निघेल तेव्हा निघेल.

अण्णाने आधी तुमचा हात पाहिला होता, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. रेल्वेत नवीन असताना त्याची गाजीपूरला बदली झाली. तुमचे भाऊ त्याच्याच कचेरीत, ते रविवारी त्याला घरी जेवायला नेत. पडद्याआडून एक हात ताट पुढे सरकवायचा आणि मागे जायचा. पुढे लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरांत कोणी फारसं खूश नव्हतं. तुमच्याकडे म्हणत, बनारसचे दक्षिणी आहेत, यांच्या बायका डोकं उघडं टाकून बाजारात हिंडतात. आमच्याकडे म्हणत, घूंघटवाली सून आणलीस, आता हिच्याशी बोलायचं कुणीकडे बघून?

पहिल्या सकाळीच घोटाळा झाला. नाना दुर्गाघाटावरून आंघोळ करून येत होते. याज्ञिक माणूस. कमरेला ओला पंचा, वर काही नाही, छातीवर जानवं, हातात गंगेचा तांब्या, तोंडाने स्तोत्र. गल्लीतून ते रोज असेच येत आणि गल्लीत कोणाला त्यात काही वाटत नसे. तुम्ही जिना उतरत होतात. त्यांना पाहिलंत आणि झटकन वळून भिंतीला तोंड लावून उभ्या राहिलात.

नानांचं स्तोत्र थांबलं. "ही भिंतीशी काय बोलतेय?" त्यांनी आईला विचारलं.

"लाजतेय," आई म्हणाली.

"का? तोंड तर झाकलंय."

"तिने झाकलंय. तुम्ही कुठे काय झाकलंय?"

नानांनी खाली वाकून स्वतःकडे पाहिलं. इतकी वर्षं ते पोट घेऊन ते साऱ्या काशीत फिरले होते, त्यात लाजण्यासारखं काही असेल हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

धाकट्या दिरापुढे तुमच्यात चेहरा झाकत नाहीत. त्यामुळे या घरात अण्णाखेरीज तुमचा चेहरा पाहिलेला पुरुष मी एकटाच. तुम्ही मला 'बबुआ' म्हणायचात. आपण जवळजवळ एका वयाचे, तरी बबुआ, म्हणजे बाळ. आणि नानांना काही सांगायचं असलं की माझ्यामार्फत सांगायचात. ते खोलीत, तुम्ही दाराआड, मधे मी.

"तिला सांग," नाना म्हणत, "या घरात सासऱ्यापुढे कोणी तोंड झाकत नाही. माझ्या आईने झाकलं नाही, हिच्या सासूने झाकलं नाही. हिने झाकलं की मला वाटतं, मी कोणी दरोडेखोर आहे."

"बबुआ, नानाजींना सांगा," तुम्ही दाराआडून म्हणायचात, "आम्ही त्यांना वडील मानतो म्हणून झाकतो. दरोडेखोर असते तर कशाला झाकलं असतं? लाटण्याने मारलं असतं."

"आम्ही म्हणजे किती जणी आहेत तिथे?"

"आम्ही एकटेच आहोत."

मी एक अक्षर बोलत नसे. दोघांना दोघांचं नीट ऐकू यायचं. तरी मी तिथून हललो की दोघंही गप्प व्हायचे आणि मला परत हाक यायची. तुमचं मराठी असंच तयार झालं, नानांशी न बोलता नानांशी वाद घालून.

मुक्ता झाली तेव्हा तुमची आई आली. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारी बाई, नात बघायला म्हणून आली. आमची आई चौकात धुणं धूत होती. नऊवारीचा काष्टा घातलेला, लुगडं वर खोचलेलं, पोटऱ्या उघड्या. तुमच्या आईने तुमचा हात धरून तुम्हाला आत ओढलं. "ए बबुनी, तोहार सास के त पूरा गोड़ लउकत बा!"

आमची आई जन्मापासून काशीतली. तिला भोजपुरी कळते हे तुमच्या आईला ठाऊक नव्हतं. पाहुणी गेल्यावर आई म्हणाली, "माझे पाय दिसले म्हणे. आणि यांची पोटं? डोक्यावर हातभर पदर आणि कमरेला वीतभर उघडं. झाकायचं ते मोकळं सोडतात आणि नाक-डोळे झाकतात."

तुम्ही बाळंतिणीच्या खोलीत होतात. मी शेक द्यायला निखारे घेऊन आलो तर तोंडात पदराचा बोळा घालून हसत होतात. "बबुआ," तुम्ही म्हणालात, "दोघी म्हाताऱ्या एकसारख्या. दोघींना दुसरीचंच दिसतं."

आपला खरा वाद सुरू झाला तो घाटावर. कार्तिक होता. तुम्ही पहाटेची आंघोळ करून वर आला होतात. ओलं लुगडं सोडून कोरडं नेसणं, तेही शंभर माणसांच्या मधे, आणि बोटभर अंग दिसू न देता, हे घाटावरच्या बायकांना जमतं तसं तुम्हालाही जमायचं. खाली पाण्यात एक परदेशी मुलगी उतरली. पोहायचे दोन तुकड्यांचे कपडे अंगावर. पायऱ्यांवरची माणसं उठून उभी राहिली. कोणी कॅमेरा काढला. आणि एक पंडित, अंगावर फक्त लंगोट असलेला, ओरडायला लागला की आमच्या संस्कृतीचा नाश झाला, गंगाजीत अशी नंगी बाई उतरली.

तुम्ही पदर पुढे ओढलात आणि त्याच्यासमोर जाऊन म्हणालात, "पंडितजी, पहिले आप धोती पहिन लीजिए."

लोक हसले. पंडित बडबडत निघून गेला. मुलीला काहीच कळलं नाही, ती पोहत राहिली.

घरी येताना मी विचारलं, "तुम्हाला काही वाटलं नाही तिचं?"

"तिच्या मुलखात पाण्यात जायचे कपडे तेच असतील. आम्ही साडी नेसून तिच्या समुद्रात गेलो तर तिचे लोक हसतील."

"म्हणजे काहीच वाटलं नाही?"

"वाटलं. बघणाऱ्यांचं वाटलं. डोळ्यांवर पदर त्यांनी घ्यावा ना."

हे मला पटलं आणि म्हणूनच मी तुम्हाला धरलं. "मग आपल्या घरात बघणारे नाना आणि बापू. पदर मात्र तुम्ही घेता. हे कसं?"

तुम्ही गल्लीत थांबलात. गाय जाऊ दिलीत. मग म्हणालात, "याचं उत्तर आम्हाला येत नाही, बबुआ."

"उत्तर येत नाही म्हणजे गणित चुकलंय." मी तेव्हा नुकताच इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, गणित शिकवायला लागलो होतो.

"नाहीतर मास्तर चुकलाय," तुम्ही म्हणालात.

तो वाद किती वर्षं चालला. तांदूळ निवडताना, छतावर पापड घालताना. मी म्हणायचो, तुम्हाला लहानपणी भीती घातली, तिलाच तुम्ही लाज म्हणता. तुम्ही म्हणायचात, भीती वेगळी, लाज वेगळी आणि आड वेगळा. आड म्हणजे काय, नुसता आडोसा का, असं विचारलं की म्हणायचात, सांगून कळत नाही, तुमच्या घरात कुठे आड आहे? मी म्हणायचो, म्हणूनच आमच्या घरात बायका मोकळेपणी बोलतात. त्यावर तुम्ही काही बोलायचा नाहीत. मला वाटायचं, मी जिंकलो.

आई गेली. पुढे काही वर्षांनी नानांची उजवी बाजू गेली. त्यांच्यासाठी एक माणूस ठेवला होता, तो छठच्या सणाला गावी गेला आणि आलाच नाही. अण्णाची ड्यूटी मुगलसरायला, माझी शाळा. मी सकाळी नानांचं सगळं आवरून जायचो आणि मी परत येईपर्यंत त्यांनी तसंच पडून राहायचं, हे त्यांनीच ठरवलं होतं. सुनेने आपल्या अंगाला हात लावायचा नाही. आयुष्यभर पंच्यावर वावरलेला माणूस. पण गंगेत उघडं उभं राहणं निराळं आणि घाणीत उघडं पडणं निराळं, हे त्यांना तेव्हा कळलं असावं. मलाही तेव्हाच कळलं.

एकदा शाळा लवकर सुटली आणि मी दुपारी घरी आलो. नानांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. तुम्ही खाटेपाशी उभ्या होतात, शेजारी कोमट पाण्याची बादली. नाना डावा हात हलवत होते. बोलणं नीट फुटत नव्हतं. "सूनबाई... नको... बाहेर."

आणि तुम्ही त्यांच्याशी बोललात. मधे मी नव्हतो, कोणी नव्हतं.

"नानाजी, आमचा पदर बघा कुठपर्यंत आहे. आम्हाला काही दिसत नाही. आम्ही झाकलेले आहोत तोवर तुम्ही उघडे नाही."

नानांचा हात थांबला. तुम्ही पदर आणखी ओढलात, पार छातीच्या खाली, आणि चाचपत कामाला लागलात. पंचा चाचपून, बादली चाचपून. एकदा बादलीला पाय लागून पाणी सांडलं, ते तसंच राहू दिलंत. नानांनी डोळे मिटून घेतले होते. मी दारातून मागे सरलो आणि खाली चौकात जाऊन बसलो.

मी आत यायला हवं होतं का, तुमच्या हातून ते काम घ्यायला हवं होतं का, असं नंतर वाटलं. पण तेव्हा मी आत आलो असतो तर त्या खोलीत तिसरा आणि डोळे उघडे असलेला असा मीच असतो.

त्या दिवसानंतर नानांनी तुमच्या पदराचं नाव काढलं नाही. उलट एका सकाळी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "सदरा आण."

"कुठे जायचंय?"

"सूनबाई चहा घेऊन येईल. घाल अंगात काहीतरी."

जाईपर्यंत सदरा घालायचे. कडक उन्हाळ्यातसुद्धा. बटणं मी लावायचो. तुम्ही चहा ठेवून जायचात, ते म्हणायचे, "ठेव, बेटा." बेटा हा शब्द त्यांनी कुठून उचलला, तुमच्याकडूनच असणार.

त्या दुपारबद्दल आपण कधी बोललो नाही. मी तिथे होतो हे तुम्हाला माहीत होतं की नाही, हेही मला माहीत नाही. तुमचे आभार मानायचे राहिले, ते इथे मानतो.

मुक्ताने नर्सिंगला जायचं म्हटलं तेव्हा तुमच्या भावाने तासभर समजावलं. परक्या मर्दांची अंगं पुसणार का आपली मुलगी? तुम्ही भजी तळत होतात. झारा हातात तसाच धरून म्हणालात, "अंग नाही पुसत, भइया. आजार पुसतात. आम्ही केलंय, आम्हाला माहीत आहे." ती पुण्याला गेली, तिथेच हॉस्पिटलात लागली. सुट्टीत आली की आखूड पँट घालून छतावर कपडे वाळत घालायची. शेजारच्या छतावरून कोणी तरी बाई म्हणाली, लड़की के पाँव तो देखो. तुम्ही कठड्यापाशी गेलात. "छत आमचं, पाय तिचे, डोळे तुमचे. आपले घेऊन तुम्ही आत जा." आणि तिलाच गाजीपूरला नेताना मात्र बजावलंत, सलवार-कमीज आणि दुपट्टा, तिथे आजी आहे. मुक्ता म्हणाली, आई, तू दोन तोंडांनी बोलतेस. तुम्ही म्हणालात, घरं दोन आहेत ना.

मला वाटायचं, तुम्ही सगळं नीट लावून ठेवलंय. कुठे झाकायचं, कुठे नाही, कोणासाठी, का. उत्तर येत नाही असं तुम्ही म्हणायचात, पण तुम्ही जगत होतात ते उत्तरासारखंच दिसायचं.

गेल्या नरकचतुर्दशीला मुक्ता घरी होती. पहाटे उटणं कालवलं, अण्णाला लावून झालं, मला लावून झालं. तुमच्या पाठीला तेल लावायला ती बसली आणि तुम्ही नको म्हणालात. चोळी काढायला नको म्हणालात. ती म्हणाली, अगं, मी आहे, दुसरं कोण आहे इथे? तुम्ही उठून जायला लागलात, तिने हसत तुम्हाला धरलं आणि तिचं हसू तिथेच गेलं. नर्स आहे ती. तिला आधी वास आला.

चोळीत तुम्ही जुन्या धोतराच्या घड्या ठेवत होतात. वर्षाहून जास्त काळ. गाठ आली, वाढली, फुटली, आणि तुम्ही घड्या बदलत राहिलात, त्या छतावर वाळत घालत राहिलात, आमच्या सगळ्यांच्या कपड्यांच्या मधे.

डॉक्टरांनी तपासलं तेव्हा मुक्ता आत होती. तुम्ही तोंडावर पदर घेऊन पडून राहिलात आणि छाती उघडी केलीत, असं तिने मला नंतर सांगितलं. ते सांगताना ती हसली आणि मग बराच वेळ हुंदके देत राहिली. डॉक्टर भला माणूस होता. त्याने तुम्हाला पदर काढायला सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, माताजी, साल भर पहले आतीं तो...

हॉस्पिटलच्या बाकावर आपण दोघं बसलो होतो. अण्णा औषधं आणायला गेला होता. मी विचारलं, "का नाही सांगितलंत?"

"कोणाला सांगायचं, बबुआ?"

"अण्णाला."

"ते बाम घेऊन आले असते."

"मुक्ताला. ती रोज हेच काम करते."

"म्हणूनच नाही. पोरीने दिवसभर परक्यांचं बघायचं आणि फोनवर आईचं पण?"

"मला सांगायचंत."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. चेहरा उघडा होता, दिरापुढे असायचा तसा. "तुम्हाला कोणत्या शब्दात सांगायचं होतं? तुम्हीच सांगा तो शब्द."

मला सांगता आला नाही. म्हणजे येत होता. पुस्तकात आहे, पेपरात येतो. पण तुमच्यासमोर, त्या बाकावर, माझ्या तोंडून तो निघेना.

"बघा," तुम्ही म्हणालात. "आम्ही नाही बोललो, आमच्या डोक्यावर घूंघट आहे. पण तुमच्या घरात तर नाही ना? मग इथे पण कोणी का नाही बोलत? सासूबाईंचे पाय उघडे, डोकं उघडं. त्यांच्या अंगात काय दुखत होतं, शेवटपर्यंत कळलं कोणाला?"

आईला काय झालं होतं हे आम्हाला खरोखरच कधी कळलं नव्हतं. बायकांचं काहीतरी, असं नाना म्हणाले होते. आम्ही पुढे विचारलं नाही.

तेवढ्यात अण्णा आला. तुम्ही विषय बदललात, केळी आणलीत का म्हणून विचारलंत. आपला शेवटचा वाद तो. त्यानंतर तुम्हाला बोलायची ताकद राहिली नाही आणि चैत्र लागला तेव्हा तुम्ही गेलात.

मी त्या बाकावर तुम्हाला उत्तर द्यायला हवं होतं असं नाही. तुमचं बरोबर होतं. पण तुमचं बरोबर होतं म्हणून माझा राग गेलेला नाही. ज्या आडामागे तुम्ही माझ्या बापाची लाज राखलीत, त्याच आडामागे तुम्ही स्वतःला मरू दिलंत. पहिल्यासाठी मी तुमच्या पाया पडेन. दुसऱ्यासाठी तुमच्याशी भांडेन. दोन्ही एकाच बाईने केलं. मी गणिताचा मास्तर, पण या दोन गोष्टी समीकरणाच्या एका बाजूला आणायला मला येत नाहीत, आणि आता नाहीतर मास्तर चुकलाय असं म्हणणारंही कोणी नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. काल तुमचा तेरावा झाला.

लोक विचारत होते, काय झालं होतं. अण्णा सांगत होता, पोटात गाठ होती. पहिल्या दिवशी त्याने कोणाला तरी तसं सांगितलं आणि मग सगळं घर तेच सांगायला लागलं. मीही. बापूंना, शाळेतल्या लोकांना, दुधवाल्याला. पोटाचं. मुक्ता ऐकत होती, काही बोलत नव्हती.

जेवणं झाली. पुरुष खाली चौकात पानं खात बसले. बायका वर, तुमच्या खोलीबाहेरच्या पडवीत. गल्लीतल्या होत्या, दूधविनायकच्या होत्या, गाजीपूरहून तुमची भावजय तिच्या सुना घेऊन आली होती. मी पाण्याची कळशी घेऊन जिना चढत होतो आणि मुक्ताचा आवाज ऐकून मधल्या पायरीवर थांबलो.

ती हिंदीत बोलत होती, सगळ्यांना कळावं म्हणून. आवाज वॉर्डात असतो तसा असावा, चढा नाही, सपाट. "माझ्या आईला पोटाचं काही नव्हतं. तिला स्तनाचा कॅन्सर होता. तिला गाठ लागली होती, तिने वर्षभर कोणाला सांगितलं नाही. लवकर सांगितलं असतं तर आज कदाचित ती इथे वाढत असती."

कोणी तरी 'राम राम' म्हटलं. दूधविनायकच्या काकू, बापूंच्या पत्नी, म्हणाल्या, "अगं मुक्ता, आजच्या दिवशी हे कशाला?"

"आजच सगळ्या एकत्र आहेत म्हणून," ती म्हणाली. "मी परवापर्यंत इथे आहे. आत खोली आहे, दाराला कडी आहे. स्वतःचं स्वतः कसं तपासायचं ते मी दाखवीन. कोणाला काही लागत असेल तर मला सांगा. मी कोणाला सांगणार नाही, डॉक्टरकडे मी बरोबर येईन."

कोणी हललं नाही. मला वाटलं, आता या सगळ्या उठून जातील आणि पोरगी एकटीच उभी राहील. कळशीच्या ओझ्याने हात भरून आला होता, पण वरही जाता येईना आणि खालीही.

मग लुगड्याची सळसळ झाली. मधल्या पायरीवरून दिसलं, तुमची भावजय उठली होती. तोंडावर हातभर पदर, कारण समोर नणंदेच्या सासरची माणसं. तिचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही, तुमच्याहून ती कितीतरी मोठी. तिने मुक्ताचा हात धरला.

"ए बचिया," ती हळूच म्हणाली, "तनी भीतर चला."

दार लागलं. कडीचा आवाज आला.

मी कळशी पायरीवर ठेवली आणि तिथेच बसलो. थोड्या वेळाने खालून तुमचे भाऊ आले. "बस छूट जाएगी," म्हणाले, "इनको बुलाइए." एक पाय त्यांनी जिन्यावर ठेवला होता.

"दूसरी मिल जाएगी," मी म्हटलं.

"ऊपर हो क्या रहा है?"

त्यांना पोटाचं म्हणून सांगितलं होतं. मी उठलो नाही, त्यांना वाटही दिली नाही. हिंदीतच म्हटलं, "फूलमतीला स्तनाचा कॅन्सर होता, भइया. वर मुक्ता बायकांना तपासतेय. तुम्ही खाली थांबा."

पहिल्यांदाच तुमचं माहेरचं नाव घेतलं मी, आणि तो शब्दही. ते माझ्याकडे बघत उभे राहिले. मग पायरीवरून पाय मागे घेतला आणि चौकात जाऊन बसले.

वर दार उघडलं. कोणीतरी बाहेर आलं, कोणीतरी आत गेलं, पुन्हा कडी लागली. असं दोन-तीनदा झालं. मी मोजत नव्हतो. उन्हं चौकातून वर सरकली. मग दार पुन्हा उघडलं आणि मुक्ताचा आवाज आला, "और कोई?"

वर कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या.

मग दूधविनायकच्या काकूंचा आवाज आला, "थांब गं, येते."